ग्राइंडरमुळे बोटं पांढरी पडतात, हात बधिर होतात: हातमोजे आणि बी-१२ने भागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दादा ३४ वर्षांचे, कोल्हापूरजवळच्या फाउंड्रीत नऊ वर्षं फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या नगांवरचा जादा धातू काढायच्या कामाला आहेत. दिवसभर सात इंची ग्राइंडर आणि अधूनमधून हवेवर चालणारा, छिन्नीवर ठोके देणारा चिपिंग हॅमर. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, सकाळी शर्टाची बटणं लागत नाहीत, आणि थंडीत पहाटेच्या शिफ्टला मोटारसायकलवरून जाताना डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पांढरीफटक पडतात. डॉक्टरांनी बी-१२च्या गोळ्या दिल्यात, मित्र म्हणतो कंपन रोखणारे हातमोजे घ्या. एवढं पुरेसं आहे का?

नाही. दोन्ही गोष्टी करायला हरकत नाही, पण मूळ दुखणं त्याने हलणार नाही.

पहिल्यांदा एक गोष्ट वेगळी करून घेऊ. दादांच्या हातात बहुधा दोन वेगळी नुकसानं चालू आहेत. बोटं पांढरी पडणं हे रक्तवाहिन्यांचं. मुंग्या, बधिरपणा, बटण न लागणं हे नसांचं, म्हणजे संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचं. कारण एकच, हातातून जाणारं कंपन. पण दोन्हींचा वेग वेगळा, पुढची वाटही वेगळी. एकाला फक्त मुंग्या येतात आणि बोटं कधीच पांढरी पडत नाहीत, दुसऱ्याचं उलट. म्हणून एकाच्या तीव्रतेवरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

घरचे लोक घाबरतात ते पांढऱ्या बोटांना, कारण ती दिसतात. मला तुमच्या वर्णनात जास्त खटकलं ते बटण. या आजाराचं बरंचसं ज्ञान थंड देशांतून आलंय, तिथे पांढरं बोट हीच मुख्य खूण धरली गेली. पण बोट पांढरं पडायला थंडी लागते. मलेशियासारख्या उष्ण देशांतल्या कामगारांच्या पाहणीत पांढरी बोटं क्वचित आणि बधिरपणा, मुंग्या भरपूर असं चित्र दिसलं आहे. आपल्याकडेही तेच समजून चालावं. 'अजून बोटं पांढरी पडत नाहीत ना, मग ठीक आहे' म्हणून माणूस दुखणं अंगावर काढतो, आणि तोवर नसा गेलेल्या असतात. दादांची बोटं तर कोल्हापूरच्या सौम्य थंडीतसुद्धा पांढरी पडताहेत. म्हणजे वाहिन्याही सुखरूप नाहीत.

आता आत काय होतं ते. बोटाला जितकं रक्त लागतं त्याच्या कितीतरी पट जास्त रक्त तिथून फिरू शकतं, कारण शरीर बोटांमधून उष्णता बाहेर टाकतं किंवा राखून ठेवतं. थंडी वाजली की तिथल्या बारीक वाहिन्या आवळतात, ऊब मिळाली की सैल पडतात. कंपन या व्यवस्थेला तीन बाजूंनी बिघडवतं. एक, त्वचेखालचे कंपन ओळखणारे संवेदक सतत चेतवले जातात आणि त्यांच्या संदेशावर वाहिन्या आवळण्याची आज्ञा सुटते. प्रयोगात एकाच हाताला कंपन दिलं तरी दुसऱ्या हाताच्या बोटांतला रक्तप्रवाहही कमी झालेला दिसतो, तो यामुळेच. दोन, वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होते. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी सैल ठेवतं. ते कमी झालं की आवळणारी रसायनं वरचढ ठरतात. तीन, वर्षानुवर्षांनी वाहिनीच्या भिंतीतला स्नायू जाड होतो आणि आतली वाट अरुंद होते. मग साध्या गारव्यालाही ती पूर्ण मिटते.

मिटली की बोट पांढरं पडतं, पांढऱ्याची सीमा अगदी रेघ मारल्यासारखी स्पष्ट असते. थोड्या वेळाने उरलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपून ते निळसर दिसतं, आणि रक्त परत आलं की लालबुंद होऊन ठणकतं. हे काम चालू असताना सहसा घडत नाही. पहाटे गाडीवर, गार पाण्यात हात घातल्यावर, सुट्टीच्या दिवशीसुद्धा घडतं. त्यामुळे पुष्कळांना त्याचा ग्राइंडरशी संबंधच लागत नाही.

नसांचं वेगळं. कंपनाने बोटातल्या मज्जातंतूंभोवती सूज येते, त्यांच्यावरचं मायलिनचं वेष्टन विरळ होतं, आणि मग त्या जागी तंतुमय ऊती भरतात. टोकाचे स्पर्श-संवेदकही निकामी होतात. सुरुवातीला काम थांबल्यावर मुंग्या येतात आणि जातात. पुढे त्या टिकायला लागतात. कंपनाचं हत्यार खाली ठेवल्यावर २० मिनिटांनंतरही मुंग्या राहत असतील तर ती नोंद घ्यायची गोष्ट आहे. त्यापुढची पायरी म्हणजे खिशातलं नाणं आणि वॉशर बोटांनी वेगळं न ओळखणं, बारीक नट हातातून निसटणं, बटण न लागणं. यात एक दुष्टचक्र आहे. बोट बधिर झालं की माणूस हत्यार नकळत जास्त घट्ट धरतो. कंपनाने स्नायू तसेही आपोआप आवळले जातात. आणि पकड जितकी घट्ट, तितकं कंपन हातात जास्त शिरतं.

डावाच हात का? चिपिंग करताना बहुतेक कामगार उजव्या हाताने हॅमर धरतात आणि डाव्याने छिन्नीच धरून दिशा देतात. हॅमरच्या मुठीपेक्षा छिन्नीचं कंपन कैक पटीने जास्त असतं. १९१८ साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या चुनखडी खाणींत अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी हवेच्या हातोड्यावर दगड घडवणाऱ्यांची पाहणी केली, तिथेही छिन्नी धरणारा डावा हातच जास्त गेलेला होता. शंभर वर्षांनंतरही फेटलिंगमध्ये लोक छिन्नी हातानेच धरतात, याचं मला अजून नवल वाटतं. दादा तसं करत असतील तर उद्यापासून बंद करायची पहिली सवय हीच. छिन्नीवर रबरी बाही चढवायची किंवा लांब छिन्नी वापरून दोन्ही हात हॅमरवर ठेवायचे. हवेच्या हत्याराचा एक्झॉस्ट बोटांवर येत असेल तर तो वळवून घ्या. ती हवा गार असते आणि आवळलेल्या वाहिन्या आणखी आवळते.

आता मात्रेचा हिशेब, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. कंपनाची तीव्रता मीटर प्रति सेकंद वर्गात मोजतात. युरोपात आठ तासांच्या दिवसाला २.५ हे मूल्य गाठलं की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि ५च्या वर कुणालाही ठेवायचं नाही, असा नियम आहे. ब्रिटनमध्ये हेच गुणांत मोजतात: २.५ म्हणजे १०० गुण, ५ म्हणजे ४००. गुण काढायचं सूत्र सोपं आहे. तीव्रतेचा वर्ग गुणिले प्रत्यक्ष चालवल्याचे तास गुणिले २.

समजा दादांच्या ग्राइंडरची तीव्रता ७ आहे आणि तो दिवसात ३ तास प्रत्यक्ष फिरतो. ४९ × ३ × २ = २९४ गुण. चिपिंग हॅमर १५चा आणि ४० मिनिटं चालतो. २२५ × ०.६७ × २, म्हणजे साधारण ३००. एकूण जवळपास ६००. आठ तासांचं मूल्य ६च्या किंचित वर. ४० मिनिटांच्या हॅमरने तीन तासांच्या ग्राइंडरइतकेच गुण खाल्ले, हे लक्षात घ्या. वर्ग असल्यामुळे तीव्रता दुप्पट झाली की परवानगीचा वेळ चौथाईवर येतो. म्हणून 'थोडाच वेळ तर चालवतो' हे हॅमरच्या बाबतीत चालत नाही.

आंतरराष्ट्रीय मानकातल्या अंदाजानुसार रोजचं मूल्य २.५ असेल तर एका गटातल्या दहापैकी एकाची बोटं पांढरी पडायला सुमारे १२ वर्षं लागतात, ५ असेल तर सहा वर्षांहून थोडी कमी. हा अंदाज गटासाठी आहे, एकट्या माणसाचं भविष्य त्यातून सांगता येत नाही. दादांची नऊ वर्षं त्यात चपखल बसतात, एवढंच.

वरचे आकडे मी धरून चाललेले आहेत. तुमच्याकडचे वेगळे असतील, आणि ते काढता येतात. वेळ विचारून काढू नका. विचारलं की प्रत्येक जण 'आठ तास चालवतो' म्हणतो, त्यात कास्टिंग उलटणं, डिस्क बदलणं, चहा सगळं येतं. पाच-सहा कास्टिंगना स्टॉपवॉच लावा, ट्रिगर दाबलेला वेळच मोजा आणि दिवसाच्या नगांनी गुणा. तीव्रता हत्याराच्या पुस्तिकेत छापलेली असते, सोबत अनिश्चिततेचा आकडाही असतो, बहुतेकदा १.५. दोन्ही मिळवा. तरी प्रत्यक्ष कामात, झिजलेल्या हत्यारावर, ती दीडपट-दुप्पट निघू शकते. मोबाइलवरच्या अ‍ॅपने मोजू नका. ग्राइंडरच्या वेगाचं कंपन पकडायला फोनचा संवेदक पुरा पडत नाही.

आणखी एक बारकावा. मानकातला आकडा काढताना मंद कंपनाला जास्त आणि जलद कंपनाला कमी वजन दिलेलं आहे. सात इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ८५०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १४०. या पट्ट्यातलं कंपन मनगटापर्यंत फारसं जात नाही, बोटांतच जिरतं. प्रयोगांत बोटांतला रक्तप्रवाह आवळण्यात नेमका हाच पट्टा पुढे दिसला आहे. म्हणून ग्राइंडरचा छापील आकडा लहान दिसला तरी त्यावर विसंबू नये.

हातमोज्यांची अडचणही इथेच आहे. कंपनरोधक हातमोज्याचं आंतरराष्ट्रीय मानक असं: सेकंदाला २०० आवर्तनांच्या वरचं कंपन ६० टक्क्यांपर्यंत खाली आणलं पाहिजे, पण २५ ते २०० या पट्ट्यात ९० टक्के आत जाऊ दिलं तरी तो मोजा पास होतो. हॅमर आणि ग्राइंडर दोघांचंही मुख्य कंपन या दुसऱ्या पट्ट्यात येतं. शिवाय जाड मोज्यात पकड घट्ट करावी लागते, मग मिळालेला थोडा फायदाही जातो. दादांनी मोजे जरूर घालावेत, पण हात उबदार राहावेत आणि कापू नयेत म्हणून. पातळ, कोरडे, मापाचे. पहाटे गाडीवर मात्र जाड, वारा न लागणारे. मोजे घातले म्हणून चालवण्याचा वेळ वाढवायचा नाही.

खरा फरक हत्यारात आणि कामात पडतो. वरचंच गणित घ्या. १५चा हॅमर बदलून कंपन शोषणारा ८चा आणला तर त्याचे गुण ३००वरून ८५वर येतात. ग्राइंडर ७ऐवजी ४.५चा असेल तर २९४चे १२२. एकूण २०७. सहाशेवरून दोनशेवर, माणूस तोच आणि कामही तेच.

नवीन हत्यार लगेच मिळणार नसेल तर आहे त्याची देखभाल तरी करावी. ग्राइंडरमधलं कंपन बहुतेक डिस्कच्या असंतुलनातून येतं: स्वस्त डिस्क, फ्लँजवर (डिस्क धरून ठेवणाऱ्या चकतीवर) साचलेली धूळ आणि धातूचे कण, वाकलेला स्पिंडल, ढिलं बेअरिंग, कडेला तुकडा उडालेली डिस्क. डिस्क बदलताना फ्लँज पुसणं हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. नवी डिस्क लावून हात थरथरत असेल तर ती काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा, तरी नाही थांबलं तर बाजूला टाका. साइड हँडलमधलं रबर कडक झालेलं असेल तर हँडल बदला. आणि हँडल काढून टाकून एका हाताने ग्राइंडर चालवणं बंद. जड ग्राइंडर स्प्रिंग बॅलन्सरला टांगला की वजन पेलण्यासाठी करावी लागणारी पकड बरीच सुटते. दाबूनही चालवू नका. दाबल्याने फेरे कमी होतात, डिस्क उड्या मारते आणि धातू काही जास्त निघत नाही. जमिनीवर बसवलेल्या पेडेस्टल ग्राइंडरवर नग हातात धरून लावत असतील तर नगातूनही कंपन हातात येतं, तिथे टेकू किंवा फिक्स्चर लागतं.

त्याहून मागे गेलात तर फेटलिंगला मुळात इतका माल काढावा का लागतो, हा प्रश्न आहे. साच्याच्या दोन पेट्या नीट न जुळल्याने त्यांच्या सांध्यावर, म्हणजे पार्टिंग लाइनवर, धातूची जाड कड (फिन) येते. नगातली पोकळी घडवणारा कोअर सैल बसला की फटीत धातूचा पातळ पापुद्रा (फ्लॅश) येतो. रायझरची, म्हणजे नगाला जादा धातू पुरवणाऱ्या भागाची, मान जाड ठेवली की ती छिन्नीने तोडावी लागते, मान बारीक करणारा ब्रेकर कोअर टाकला तर एका ठोक्यात तुटते. दादांच्या मनगटावरचे काही गुण मोल्डिंग शॉपमध्येच वाचवता येतात, आणि मालकाला ही भाषा लवकर कळते, कारण त्यात डिस्कचा आणि मजुरीचा खर्चही वाचतो.

आता निदान. सगळा दोष ग्राइंडरवर ढकलून मोकळं होऊ नका, कारण काही गोष्टी वेगळ्या उपचाराच्या आहेत. रात्री जाग येणं ही मनगटातली नस दबल्याची, म्हणजे कार्पल टनेलची ठरलेली तक्रार आहे. मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांतच असतील, करंगळी मोकळी असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल तर तो संशय पक्का धरून तपासणी करून घ्या. कंपनाच्या कामात हे दोन्ही एकत्र असणं नेहमीचं आहे, आणि यातला मनगटाचा भाग शस्त्रक्रियेने सुधारू शकतो. मधुमेह किंवा बी-१२ची कमतरता असेल तर बधिरपणा सहसा पायांपासून सुरू होतो. साखर, थायरॉइड आणि बी-१२ एकदा तपासा. बी-१२ कमी निघालं तर गोळ्या योग्यच. नॉर्मल असेल तर कंपनाने मेलेल्या नसा त्याने परतत नाहीत.

दादा बिडी-सिगारेट ओढतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ओढत असतील तर बर्गरचा आजार डोक्यात ठेवलाच पाहिजे. तरुण पुरुष, तंबाखू, बोटांचे रंग बदलणं, चालताना पोटरीत किंवा तळपायात गोळा येणं, पायाच्या बोटाला न भरणारी जखम, अशी त्याची खूण असते, आणि त्यात बोटं कापण्याची वेळ येऊ शकते. तो आजार नसला तरी निकोटिन वाहिन्या आवळतंच. मिश्री आणि तंबाखू-चुनाही त्यात आले. रक्तदाब किंवा अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यानेही बोटं गार आणि पांढरी पडतात.

डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टी न्या. एक, पांढऱ्या बोटांचा फोटो, झटका चालू असतानाचा, दोन्ही हात एकत्र दिसतील असा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत बोटं लाल झालेली असतात आणि तपासणारा काहीच पाहू शकत नाही. दोन, कामाची यादी: कुठलं हत्यार, रोज किती मिनिटं, किती वर्षं. हे केसपेपरवर लिहून घ्या. ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) असेल तर तिथल्या केसपेपरवर आवर्जून. नसांच्या वहनाची चाचणी नॉर्मल आली तरी निर्धास्त होऊ नका. ती जाड तंतूंचा वेग मनगट-कोपराच्या टप्प्यात मोजते, कंपनाची इजा बोटाच्या टोकाला असते. मोनोफिलामेंटने, म्हणजे बारीक नायलॉनच्या तंतूने, स्पर्श तपासणं, पकडीची ताकद मोजणं, बारीक खुंट्या भोकांत बसवण्याची वेळ मोजणं या साध्या चाचण्या जास्त सांगतात.

तज्ज्ञ दोन्ही नुकसानांचे टप्पे वेगवेगळे लिहितात. कधीमधी फक्त टोकं पांढरी पडत असतील तर वाहिन्यांचा पहिला टप्पा, वारंवार आणि बहुतेक बोटं मुळापर्यंत पडत असतील तर तिसरा. नसांत अधूनमधूनचा बधिरपणा पहिला, स्पर्श कमी होणं दुसरा, बारीक काम न जमणं तिसरा आणि शेवटचा. तुमच्या वर्णनावरून दादा वाहिन्यांच्या पहिल्या टप्प्यात दिसतात. बटणाची अडचण रोजची असेल आणि तपासणीत खरी ठरली, तर नसांच्या तिसऱ्या टप्प्याच्या उंबरठ्यावर. मनगटाच्या नसेमुळे ती असेल तर चित्र पुष्कळ बरं. म्हणून तपासणी लांबवू नका म्हणतोय.

पुढे काय होईल, तेही याच विभागणीवर ठरतं. कंपन थांबलं आणि तंबाखू सुटली तर पांढरी बोटं काही वर्षांत कमी होतात, विशेषतः कमी वयात आणि पहिल्या टप्प्यात. झटके फार असतील तर निफेडिपिनसारखं औषध डॉक्टर देतात, त्याने वाहिन्या सैल पडतात, पण नुकसान थांबत नाही. नसांचं गेलेलं मात्र सहसा परत येत नाही. म्हणून तपासणीत स्पर्श कमी झालेला निघाला तर माझं मत स्पष्ट आहे: चिपिंग पूर्ण बंद, आणि ग्राइंडर शक्य तितका कमी.

नोकरी सोडा असं मी म्हणत नाही, नऊ वर्षांचा अनुभवी माणूस तपासणी, लोडिंग, शॉट ब्लास्टिंगचं यंत्र, मोल्डिंग अशा जागी बसू शकतो. पीस रेटवर, म्हणजे नगामागे मजुरीवर, असतील तर अडचण मोठी आहे, कारण वेळ कमी म्हणजे पगार कमी. तेव्हा मालकाशी किंवा ठेकेदाराशी बोलताना 'हात दुखतो' एवढंच सांगू नका. स्टॉपवॉचचे आकडे, गुणांचा हिशेब आणि डॉक्टरांचा कागद समोर ठेवा, आणि पहिली मागणी हॅमर बदलण्याची करा. त्या शॉपमध्ये तोच हॅमर धरणाऱ्या बाकीच्यांनाही हत्यार ठेवल्यावर वीस मिनिटांनी मुंग्या राहतात का, हे विचारून घ्या. चार जण हो म्हणाले तर मागणी एकट्या दादांची राहत नाही.

बोटाच्या टोकाला जखम, काळा डाग, किंवा झटका उबेतही न ओसरणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या सुट्टीची वाट न पाहता त्याच दिवशी रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवा.